मठाच्या किल्लीची मालकीण

बॅलीनाडर्गमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं विचारलंत तर गावातला कुठलाही माणूस आधी म्हणेल, "काही नाही हो." आणि मग तासभर तुमची वाट अडवून सांगत बसेल. टेकडीवरचा पडका मठ, त्याच्या भिंतीतली सुजलेल्या गालाची दगडी बाई, तिच्या गालाला गाल लावला की दाढ दुखायची थांबते ते, घोड्यांच्या बाजाराचा चौक, मठातल्या साधूंनी बांधलेला पूल. मठ इंग्रजांच्या सैन्यानं पाडला, हे तर दात-ओठ खाऊन सांगेल. त्यातले निम्मे दगड आपल्याच गोठ्याच्या भिंतीत कसे आले, तेवढं मात्र गाळेल.

मठाला फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली अट्रॅक्टा मलव्हिहिलच्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खिळ्याला. चांगली वीतभर लांब, लोखंडी. सासूनं मरताना दागिने लेकीला दिले आणि किल्ली सुनेला. अट्रॅक्टाला विचाराल तर लेक फसली!

पाहुण्यानं दार वाजवलं की अट्रॅक्टा पिठाचे हात पुसत निघायची. मठ दाखवायची, इतिहास सांगायची, आठवेना तिथे बेधडक रचायची. मग पाहुण्याला घरी आणून सोड्याचा ब्रेड आणि रुबार्बचा जॅम खाऊ घालायची आणि त्याच्या आईची, मुलांची, गुडघ्यांची सगळी चौकशी करायची. तिला मूलबाळ नाही. नवरा मॅलकी गुणाचा, पण हिवाळाभर मेंढ्यांपलीकडे त्याचा विषय जात नाही. किल्ली नसती तर जग आपल्या दारात आलंच नसतं, हे ती ओळखून होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर "कशाला उगाच त्रास?" तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप," आणि मग तीन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणतो तो अधाशी. या रीतीत अट्रॅक्टाचा हात कुणी धरणार नाही. तरुणपणी क्रिस्टी डोलन नावाच्या देखण्या पोरानं तिला नाचाला विचारलं. ही म्हणाली नको. तो बिचारा लाजाळू, जो गेला तो थेट लिव्हरपूललाच. मॅलकीनं लग्नाचं तीनदा विचारलं, म्हणून मॅलकी नवरा.

गेल्या मे महिन्यात जुन्या वास्तूंच्या खात्यातून ग्रेटा ब्रॅनिगन आली. बाप आमच्याकडचा, पण पोरगी जर्मनीत वाढलेली, आणि तिकडे म्हणे नको म्हणजे नको. पोरगी गोड होती. फाटकाला आकड्यांचं कुलूप बसवायचा खात्याचा विचार होता.

"पण मिसेस मलव्हिहिल, तुमची इच्छा असेल तर किल्ली तुमच्याकडेच राहील," ती म्हणाली. "हवी आहे का तुम्हाला?"

अट्रॅक्टाची नजर दारामागच्या खिळ्याकडे गेली. पण तोंडातून निघायचं तेच निघालं. "छे गं बाळ! माझं काय अडलंय? गुडघे हे असे. बसव की तुझं कुलूप."

आणि ती थांबली. आता पोरगी म्हणणार, असं कसं, तुमच्याशिवाय आहे कोण?

"सुटले बाई!" ग्रेटा म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्हाला वाईट वाटेल." तिनं खिळ्यावरची किल्ली काढली, तोंड भरून आभार मानले आणि फाटकाचं माप घ्यायला टेकडीवर गेली सुद्धा.

मॅलकी आत आला तेव्हा अट्रॅक्टा हातात किटली घेऊन तशीच उभी होती.

"काय गं, कोण गेलं?"

तिनं सांगितलं. मॅलकीनं टोपी काढली. "किती वेळा विचारलं तिनं?"

"एकदा."

"एकदाच? अरे देवा! कुठल्या जंगलात वाढली ही पोरगी?"

तेवढ्यात शेजारची कन्सेप्टा साखर मागायला आली, म्हणजे काय झालं ते ऐकायलाच आली. तिघांची मसलत बसली. मॅलकी म्हणाला, फादरना सांगू, ते सहज बोलता बोलता विषय काढतील. कन्सेप्टा म्हणाली, माझ्या जावेचा भाऊ कौन्सिलात आहे, त्याच्या बायकोच्या कानावर घालू.

"आणि तोवर कुलूप बसेल!" अट्रॅक्टा म्हणाली.

"मग काय तू स्वतः जाऊन मागणार?" कन्सेप्टानं डोळे मोठे केले. "लोक काय म्हणतील?"

अट्रॅक्टानं खिडकीतून पाहिलं. ग्रेटा टेप गुंडाळत होती. खिळा रिकामा होता. तिनं किटली आपटली, एप्रन फेकला आणि चढण धरली.

वर पोचेतो धाप लागलेली. आणि वर पोचून बोलली काय? हवेबद्दल! "आज उघडीप आहे, नाही?" मग ढगांबद्दल. मग म्हणाली, "फाटक जरा कुरकुरतं, नाही? तेल घालायला कुणीतरी जवळचं हवं." ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, ती काय एका चढणीत जाते?

"हो का? तेल लिहून ठेवते," ग्रेटा म्हणाली आणि गाडीचं दार उघडून आत बसली.

अट्रॅक्टानं ते दार धरलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मला ती किल्ली हवी आहे," ती म्हणाली.

ग्रेटा बघतच राहिली. "पण तुम्ही तर नको म्हणालात..."

"म्हणाले. खोटं म्हणाले. मला हवीच होती. लोक येतात गं माझ्याकडे त्या किल्लीमुळे. ती गेली तर माझं दार कोण वाजवणार?" आणि तिला रडू फुटलं. भर दुपारी, दगडी बाईच्या डोळ्यांदेखत.

"अहो, मग सरळ सांगायचं ना!" ग्रेटानं घाईघाईनं किल्ली तिच्या हातात दिली. "कुलूप नाही बसणार. संपला विषय."

इतकं सोपं होतं? अट्रॅक्टा किल्ली छातीशी धरून टेकडी उतरली, आणि तिला स्वतःचाच इतका राग आला आणि इतकं हसू आलं, की वाटेतल्या गायीसुद्धा बघायला लागल्या.

मॅलकी दारातच उभा होता. "फादर भेटले का वर?"

"कुणी नाही भेटलं. हवी म्हटलं, दिली."

"हवी म्हटलंस? असं? तोंडावर?"

"तोंडावर."

मॅलकी तिच्याकडे जरा घाबरूनच बघायला लागला. इतक्या वर्षांत या बाईला काही हवं असल्याचं त्यानं ऐकलंच नव्हतं. "मग... आणखी काही हवंय का तुला?" त्यानं विचारलं. एकदाच विचारलं.

अट्रॅक्टानं किल्ली खिळ्याला लावली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"हो," ती म्हणाली. "बस खाली. वेळ लागेल."