तुला कितीला पडलं?

गुप्तेभाऊजींबरोबर बाजारात जाणं म्हणजे चारचौघांत शोभा करून घेणं. माणूस घासाघीस करायचा नाही. केली असती तर बरं, ती आम्हा बायकांनाही येते. भाऊजी मासळीच्या टोपलीपुढे उकिडवे बसायचे आणि अगदी नम्रपणे म्हणायचे, "तुला कितीला पडली ते सांग. वर तुझ्या मेहनतीचं काय ते वेगळं सांग." एकदा एका कोळणीनं हातातला कोयता खाली ठेवला. "मला कितीला पडली, त्याचं तुला काय पडलंय?" आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मी पदर सावरून दुसरीकडे बघू लागले. भाऊजी मात्र गिरगावातल्या आमच्या चाळीपर्यंत ते वाक्य घोळवत आले. "वहिनी, बाईनं मुद्द्याचं विचारलं. बाजारात हेच तर कुणी कुणाला विचारत नाही."

भाऊजी आमच्या यजमानांचे मित्र. एका पेढीवर कारकून होते आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. त्यांची बायको सुमन लढाईच्या दिवसांत न्युमोनियानं गेली. औषध मुंबईत नव्हतं असं नाही. कुणाच्या तरी गुदामात ते भाव चढायची वाट बघत पडून होतं. हे सांगताना भाऊजी आवाज चढवत नसत. "लोक म्हणतात, बाजार मोकळा सोडा, गरज असेल तिथं माल आपसूक पोचतो. सुमनपेक्षा जास्त गरज कुणाला होती, वहिनी?" मी आपली चहाचं आधण ठेवायची.

पुढे त्यांनी चाळीतल्या बिऱ्हाडांना भागधारक केलं आणि जिन्याखाली सहकारी भांडार काढलं. तांदूळ, तूरडाळ, साखर, रॉकेल, साबण. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर ते तराजू घेऊन बसत. बाहेर एक काळी पाटी, तिच्यावर खडूनं दोन रकाने: 'पडलं' आणि 'घेतो'. मधला फरक कशाचा, असं कुणी विचारलं की म्हणत, "हमालीचा, भाड्याचा आणि उंदरांचा." त्यांचं एक पालुपद होतं. एकेकट्यानं स्वस्त शोधण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून रास्त घ्यावं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "घरात बायको नाही, म्हणून मेल्यानं चाळीशी संसार मांडलाय." सासूबाईंची जीभ तिखट, पण त्या खोटं बोलत नसत.

मग नाक्यावर गावडे म्हणून एकानं दुकान थाटलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, त्यामुळे दारावर हातभर अक्षरांत 'मराठी माणसाचे दुकान'. तूरडाळ भांडारापेक्षा स्वस्त, वर पोरांच्या हातावर गुळाचा खडा. भाऊजी ठोक बाजारात चौकशी करून आले. डाळ त्यांना तिथेच गावड्याच्या विक्रीपेक्षा महाग सांगितली. "हा पडत्याच्याही खाली विकतोय. भांडार मिटेपर्यंत सोसेल, मग सगळं वसूल करेल," असं त्यांनी चाळीच्या बैठकीत सांगितलं. वरच्या मजल्यावरचे खरे म्हणाले, "गुप्ते, मोकळा बाजार आहे. आम्हाला स्वस्त मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखतं? आणि आपलाच माणूस आहे तो."

"आपला असेल. पण ज्याची थैली मोठी त्यालाच बाजार मोकळा असतो, खरे. बाकीच्यांना बोळ. साठेबाजांना लगाम घाला, रास्त भावाची दुकानं काढा, म्हणून सरकारकडे मी अर्ज करतोच आहे. आपल्या हातात एवढंच आहे, नाक्यावर जायचं की जिन्याखाली यायचं."

"विचार करू," खरे म्हणाले. आमच्या चाळीत विचार करू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महिनाभरात जिन्याखाली मी आणि दोन म्हाताऱ्या, एवढीच गिऱ्हाइकं उरली.

मग शहरात गोळीबार झाले. हरताळ, संचारबंदी. गावड्यानं फळ्या लावल्या आणि मागच्या दारानं दुप्पट भावानं विकू लागला. भाऊजींनी पाटीवरचा एक आकडा बदलला नाही. होतं ते घरटी सारखं वाटून दिलं, सोडून गेलेल्यांनासुद्धा. खऱ्यांची बायको पिशवी घेऊन उभी राहिली तेव्हा मी फणकारले, "यांना कशाला?" भाऊजी तराजूवरून नजर न काढता म्हणाले, "वहिनी, भूक काय भागधारकांनाच लागते?" त्या दिवसांत जिन्यावर रांग असे. कुणी त्यांना चहा आणून देई, कुणी जेवायला बोलावी. सुमन गेल्यानंतर त्यांच्या दाराशी इतकी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. भाऊजी किती खुलले होते!

शहर निवळलं. गावड्यानं फळ्या काढल्या, डाळ पुन्हा उतरवली आणि रांग नाक्यावर गेली. मला तेव्हा राग आला, आजही येतो. चाळीत वाईट म्हणावं असं माणूस एकही नव्हतं हो. प्रत्येक जण फक्त चार पैसे वाचवत होता. भांडार सर्वानुमते बंद झालं, वर भाऊजींच्या आभाराचा ठरावही झाला. आणि महिना उलटायच्या आत गावड्यानं डाळ अशी चढवली की सासूबाईंनी आमटीत पाणी वाढवलं.

खरे स्वतः भाऊजींच्या दारात आले. "गुप्ते, तुमचं म्हणणं खरं ठरलं."

"खरं ठरायला नव्हतो बसलो मी," भाऊजी म्हणाले. "दुकान चालवायला बसलो होतो."

त्यानंतर ते कुणाकडे फारसे आले-गेले नाहीत. राज्य मिळालं त्या रात्री चाळीच्या कठड्यावर पणत्यांच्या ओळी होत्या. भाऊजींच्या दारापुढे ओळ तुटली होती, तिथे मी आमच्यातल्या दोन नेऊन ठेवल्या. आतून "कोण?" एवढंच आलं.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. साधाच ताप होता, पण दोन दिवस दार लागलेलं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याही आलं ते तिसऱ्या दिवशी, ताप छातीत उतरल्यावर. जिन्याखालची जागा पुढे गावड्यानं पोती ठेवायला घेतली.

जायच्या आदल्या दिवशी मी पेज घेऊन गेले होते. मानेखाली उशी सारून त्यांना जरा बसतं केलं. त्यांनी वाटीत बोट बुडवून शितं चाचपली आणि सवयीनं विचारलं, "तांदूळ कितीला पडले, वहिनी?"

त्यांना हसवावं म्हणून मी कोळणीसारखा हात कमरेवर ठेवला. "मला कितीला पडले, त्याचं तुम्हाला काय पडलंय?"

भाऊजी हसले. हसता हसता खोकले, आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मलाच तेवढं पडलं होतं, वहिनी. बाकी कुणाला नव्हतं."

पेज निवत होती. मी ती चमच्यानं ढवळत बसले.