सबनीसांची यादी

आमच्या फ्रिजच्या दारावर, गॅसवाल्याच्या नंबराखाली, सध्या एक चिठ्ठी लावलेली आहे. घरी बसून बघण्यासारखे पाच विज्ञानपट. सुचवणारे सबनीस, म्हणजे बायकोच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ. लेकाच्याचं अक्षरही सुबक आहे. तीन नावांपुढे बायकोने बरोबरच्या खुणा केल्यात.

हेच सिनेमे मी तिला वीस वर्षं सुचवतोय. पहिलं यान उडायच्या आत तिचा डोळा लागायचा. चूक माझीच असेल. मला राहवत नाही, मी शेवट आधीच सांगून टाकतो. सबनीसांनी नुसती नावं लिहून दिली.

आज दुपारी चौथा सिनेमा लावला. मांडीवरचे शेंगदाणे विसरून ती सोफ्यावर ताठ बसली होती.

"अहो, कृष्णविवरापाशी काळ हळू चालतो, माहितीये? सबनीस सांगत होते."

"असं होय?" मी म्हणालो.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, गच्चीवर पडल्या पडल्या हेच मी तिला समजावलं होतं. तेव्हा तिने कूस बदलली होती. हजारो प्रकाशवर्षं लांबची गोष्ट माणसाला पटते, फक्त ती शेजारच्या उशीवरून आलेली चालत नाही.

पडद्यावर यानाचं दार सावकाश उघडू लागलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. मी जीभ आवरून गप्प बसलो. तेवढ्यात तिने घाबरून माझं मनगट घट्ट धरलं.

मनगट माझं होतं. भीती मात्र सबनीसांनी सुचवलेली.