काळ्या चष्म्याच्या अक्का

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा पिंप्राळा गावाबाहेर वाटायचं. चार-दोन नवी घरं, मधे मोकळे प्लॉट, आणि पलीकडे सरळ कपाशी. आमच्या भिंतीला भिंत लागून रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करणाऱ्या एका क्लार्कचं बिऱ्हाड होतं. नवरा, बायको, दोन मुली आणि क्लार्कची थोरली बहीण.

ही बहीण पन्नाशीच्या आसपासची असावी. सडपातळ, उंच, पांढऱ्या सुती साडीतली. डोळ्यांवर कायम काळा चष्मा. उन्हातच नव्हे, दिवेलागणीलाही. आळीत कोणी म्हणायचं, डोळे अधू आहेत. कोणी म्हणायचं, कोल्हापूरकडची आहे, तोरा आहे. मी त्यांना अक्का म्हणायला लागले, कारण दुपारी माझे हे शाळेत शिकवायला गेले की मी भाजी निवडायला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि काहीतरी हाक मारावी लागायचीच. अक्का बोलायच्या कमी. मीच बोलायचे. त्या ऐकायच्या, पण ऐकणं असं की आपण काय सांगत होतो ते आपल्यालाच जास्त चांगलं कळावं.

बरेच महिने मला त्यांच्याविषयी एवढीच माहिती होती. कळलं ते माझी माय धुळ्याहून आली तेव्हा.

मायविषयी आधी थोडं सांगते. ती शेतकऱ्याची लेक. लग्न करून धुळ्यात आली तेव्हा माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांची खोली एका सिनेमा थिएटरच्या मागे होती. मधे फक्त पत्र्याची भिंत. त्या थिएटरात एकदा एक मराठी सिनेमा लागला आणि चांगला पावसाळाभर चालला. आबांनी मायला तो एकदाच दाखवला. पण ऐकला तिनं रोज. चूल पेटवताना, भाकरी थापताना, पत्र्यातून तो घरात यायचा.

गोष्ट साधी होती. एका बाईचा नवरा परगावी मरतो. घरात आंधळी सासू. मुलगा गेला हे कळलं तर ती जगायची नाही, म्हणून सून तिच्यापासून लपवते. बाहेर ती विधवा म्हणून वावरते, उंबऱ्याशी आली की पदरात बांधलेल्या बांगड्या हातात चढवते. सासूला दिसत नाही, पण ऐकू येतं ना! आम्ही भावंडं पापड लाटायला बसलो की माय हा सिनेमा सांगायची. सांगायची म्हणजे करायचीच. सासूही तीच, सूनही तीच, गावचा पाटीलही तीच. मी तो सिनेमा न पाहता पाहिला होता.

तर माय पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. सकाळी आत पीठ मळत होती. बाहेर भाजीवाली आली, आणि शेजारून अक्कांनी विचारलं, "वांगी भरताची आहेत ना गं? मागच्या वेळी बियांची दिलीस."

मायचे हात परातीत थांबले.

"हाई बाई कोन शे?" तिनं तिच्या अहिराणीत विचारलं.

"शेजारच्या क्लार्कची बहीण. का?"

"हाऊ आवाज मी ऐकेल शे."

मी हसले. म्हटलं, कोल्हापूरची बाई, तू कुठे ऐकणार? माय ऐकेना. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात गेली. अक्का वांगी उलटीपालटी करून बघत होत्या. माय त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. मान खाली घालून, डोळे मिटून उभी होती, आणि अक्का भाजीवालीशी बोलत होत्या तोवर तशीच राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पदरमा बांगड्या बांधनारी."

मला वाटलं, मायला उन्हाचं काही झालं. पण अक्कांनी ऐकलं होतं. हातातलं वांगं त्यांनी टोपलीत ठेवलं. मग चष्मा काढला. त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मोठे, अजून फार सुंदर, आणि कडांना कायमचे लाल.

"तुम्ही कुठे पाहिलात तो?" त्यांनी मायला विचारलं.

आमच्याकडे बडबडी म्हणून प्रसिद्ध असलेली माझी माय. ती एवढंच म्हणाली, "तुमना आवाज मना घरमा व्हता."

त्या दिवसानंतर ओट्यावर भाजी निवडायला आम्ही तिघी असायचो, आणि बोलायच्या अक्का. मायनं विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी आईचं बोट धरून त्या स्टुडिओत गेल्या. तेव्हा नटनट्या पगारी असत. सकाळी हजेरी. काम नसेल त्या दिवशी घोड्यावर बसायला शिका, तलवार शिका, गाणं शिका, आणि तेही नसेल तर शिवणखात्यात बसून टिकल्या लावा. बोलपट नवे होते. एक वाक्य घ्यायचं तर पंखे बंद, दारं बंद. कावळे ओरडले की सगळं फुकट, म्हणून गलोल घेतलेला एक माणूस छपरावर ठेवलेला.

"आणि दिवे!" अक्का म्हणाल्या. "तुमच्या जळगावच्या उन्हाला सगळे भितात. मला काही वाटत नाही. त्या दिव्यांपुढे हे ऊन म्हणजे सावली."

त्या दिव्यांनीच त्यांचे डोळे घेतले. मायच्या त्या सिनेमातला शेवटचा प्रसंग सासूच्या चितेपुढचा होता. दिवे अगदी जवळ, आणि डोळे न मिटता बघत राहायचं. दिग्दर्शकाला पुन्हा पुन्हा हवं होतं. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. सिनेमा लागला, गाजला, कोल्हापुरात लोक त्यांचं नाव घेत होते, आणि अक्का अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडल्या होत्या. पुढे डोळे सुधारले, पण प्रखर उजेड सोसेना. नायिकेची कामं गेली. मग वहिनी, मग आई, मग काहीच नाही. कंपनी बुडाली, स्टुडिओत कोणी गोडाऊन केलं. धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं होतं. बहीण सिनेमात म्हणून त्याला मुलगी मिळेना, शेवटी बहिणीचा उल्लेखच न करता लग्न झालं. ते पुढे बायकोला कळलं. त्या माउलीनं भांडण केलं ते असं, की "ज्या बहिणीनं तुम्हाला उभं केलं तिला लपवलंत? आधी घेऊन या." अशा अक्का जळगावला आल्या.

"मंग तो सिनेमा तुमी कितींदा दख्या?" मायनं विचारलं.

"एकदाही नाही," अक्का म्हणाल्या. "राहूनच गेला."

माय हातातली मेथी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

तेव्हा जुने मराठी सिनेमे अधूनमधून मॅटिनीला लागत. वर्ष-दीड वर्षानं रिक्षातून कर्णा ओरडत गेला आणि मी नाव ऐकून बाहेर धावले. तोच. बायकांसाठी दुपारचा खास खेळ. मी धुळ्याला निरोप धाडला, माय पुढच्याच एसटीनं हजर. अक्का मात्र नको म्हणाल्या. "काय बघायचं त्यात आता?" माय त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमी येतस तवरी मी उठाव नही."

थिएटर भरलं होतं. आसपासच्या खेड्यांतल्या बायकाही आल्या होत्या, कडेवर पोरं, कनवटीला शेंगदाणे. अंधार झाल्यावर अक्कांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. पडद्यावर त्या आल्या. वीस-बावीस वर्षांची, घागर घेऊन नदीवरून येणारी मुलगी. मी शेजारी बघितलं. अक्का स्वतःकडे अशा बघत होत्या, जशी एखादी आई लांबून येणाऱ्या मुलीकडे बघते.

सिनेमा अर्ध्याच्या आसपास आला आणि आवाज गेला.

चित्र चालू, आवाज नाही. पडद्यावर ओठ हलताहेत आणि नुसते पंखे घरघरताहेत. बायका कुरकुरायला लागल्या. पोरं रडायला लागली. दारावरचा माणूस आत येऊन ओरडला, "मशिनमधला आवाजाचा दिवा गेलाय, बदलतायत, बसा, बसा."

त्या गलक्यात मला शेजारून कुजबुज ऐकू आली. अक्का बोलत होत्या. कुणाशी नव्हे. पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते आणि इथे खुर्चीत त्यांचे ओठ तेच बोलत होते.

मायनंही ऐकलं. ती म्हणाली, "जोरमा बोला, अक्का."

अक्का दचकल्या. "नाही हो, मी सहज..."

"बोला ना. बठ्ठ्या बाया बशेल शेतस." सगळ्या बाया ताटकळत बसल्याच होत्या.

पडद्यावर सासू काहीतरी विचारत होती. अक्का उठून उभ्या राहिल्या, समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि म्हातारीच्या, थकलेल्या, पोराच्या वाटेकडे डोळे लावलेल्या आवाजात म्हणाल्या, "आज तरी सांगावा आला का गं त्याचा?"

ओरडा नव्हता तो. तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. थिएटर गप्प झालं. मग त्याच तोंडातून सुनेचा आवाज निघाला, तरुण, हसरा, आणि हसण्याच्या खाली काहीतरी तुटत असलेला. मग पाटील. मग शेजारचं लहान पोर. ओठ जिथे हलत तिथे शब्द, ओठ मिटले की शांतता. जो सिनेमा त्या जन्मात पहिल्यांदा बघत होत्या त्याला त्या आवाज देत होत्या. दारावरचा माणूस धावत वर गेला. नंतर कळलं, मशिनवाल्याला म्हणाला, थांबवू नकोस, खाली काहीतरी चाललंय.

आणि तो प्रसंग आला. सून उंबऱ्याशी येते, पदराची गाठ सोडते, बांगड्या चढवते. आतून सासू विचारते, "आलीस का?" सुनेच्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून ती नुसते हात हलवते. बांगड्याच उत्तर देतात.

सासूचं वाक्य अक्कांनी म्हटलं. मग त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या. एक जुनं घड्याळ होतं फक्त.

माझ्या दुसऱ्या बाजूला बसलेली माय उठली. तिनं दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. पडद्यावरचे हात हलले त्याच क्षणी तिनं हलवले. पत्र्यापलीकडून पावसाळाभर ऐकलेला तो किणकिणाट, ना लवकर, ना उशिरा. पडद्यावरचे हात थांबले तेव्हा मायचेही थांबले.

"आज कमी का वाजतात गं?" अक्का सासूच्या आवाजात म्हणाल्या.

"कामात एक फुटली, आई," अक्काच सुनेच्या आवाजात म्हणाल्या.

अंधारात कुणीतरी हुंदका दिला. मग पुढून-मागून, सगळीकडूनच नाकं ओढल्याचे आवाज. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, मधे मी बसलेली. मान वर करून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. यातली एक मला रोज भाजी निवडताना दिसते आणि दुसरीनं मला जन्म दिलाय, हे काही केल्या खरं वाटेना.

थोड्या वेळानं दिवा बदलून झाला आणि आवाज आला. पडद्यामागून अक्कांचाच आवाज, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. त्या खाली बसल्या. बायका मात्र माना वळवून मागे बघायला लागल्या. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकच, हे त्यांना उमगलं होतं. मध्यंतराला दिवे लागले. अक्कांनी घाईनं चष्मा लावला. पाचोऱ्याकडची एक म्हातारी जवळ आली, आपल्या कनवटीचे मूठभर शेंगदाणे तिनं अक्कांच्या ओंजळीत घातले आणि जागेवर जाऊन बसली.

येताना रिक्षात मी विचारलं, "अक्का, एवढ्या वर्षांचं पाठ कसं राहिलं?"

"पाठ नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तिचं तोंड हललं तसं आलं. तालमी महिनोन्‌महिने चालायच्या ना. सगळ्यांचं सगळ्यांना यायचं." मग म्हणाल्या, "ती मुलगी बरी काम करत होती, नाही?"

या दुपारची गोष्ट जळगावभर झाली. थिएटरच्या मालकांनी, ते मारवाडी गृहस्थ होते, दुसऱ्या दिवशी आपल्या आईला घेऊन पिंप्राळ्याला येऊन नमस्कार केला. त्यांच्याकडे सिनेमे पुरवणाऱ्या माणसानं ती गोष्ट पुढे नेली असावी, कारण काही महिन्यांनी कोल्हापूरहून बोलावणं आलं. छोटं काम होतं. उजेडात फार वेळ उभं राहणार नाही, एवढी एकच अट घालून अक्का गेल्या आणि आठवड्यात परत आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आहे दोन मिनिटांचं. बघशील तेव्हा बघ."

तो सिनेमा धुळ्याला लागला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. मायबरोबर गेले. रंगीत होता. नायिका गाजलेली, गाणी भरपूर, बायकांच्या हातपंख्यांची फडफड चालू. अक्कांचं काम शेवटाकडे होतं. लेक घर सोडून निघालीय, आणि तिची आई दारात उभी आहे. वाक्य एकही नाही. काळा चष्मा नव्हता. ती बाई लेकीकडे बघतसुद्धा नव्हती. लेकीच्या खांद्यावर एक सुटलेला दोरा दिसला, तो तिनं ओढून तोडला, बोटाला गुंडाळला आणि बाजूला झाली. हातपंखे थांबले होते.

मी त्या चेहऱ्यात माझ्या अक्का शोधत होते. ओट्यावरच्या, वांग्यातल्या बियांवरून भाजीवालीशी वाद घालणाऱ्या. ओळखीचं नाक होतं, हनुवटी होती. पण त्या कुठे दिसल्याच नाहीत. दारात उभी होती ती कुणा दुसऱ्याच मुलीची आई होती, आणि तिनं मला कधी पाहिलेलंही नव्हतं.