आईच्या पेटीतले एकशे त्रेचाळीस ब्लाउजपीस

आमच्या आईला वस्तू साठवण्याचा मानसिक विकार आहे, हे मी एका रविवारी दुपारी, कळंबच्या आमच्या स्वयंपाकघरात, वीस प्रश्नांत सिद्ध केलं. सिद्ध होत असताना ती शेंगा फोडत होती.

एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा लोकांशी बोलावं लागेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रकल्पाचा विषय होता अनावर खरेदी आणि साठवणूक. मॅडम म्हणाल्या, अनोळखी घरांत जा, मुलाखती घ्या. मी (रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणायची लाज वाटते म्हणून पुढच्या चौकात उतरणारी) सगळ्यांत जवळचं घर निवडलं. आमचंच.

"वस्तूचा त्याग करताना तुम्हाला तीव्र भावनिक क्लेश होतात का?" मी वाचलं. भाषांतर माझंच होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यावर मराठी अशी येते.

"टाकताना वाईट वाटतं का, असं सरळ विचार की!"

"वाटतं का?"

"पण टाकायचं कशाला?"

मी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले.

पुरावा पेटीत होता. एकशे त्रेचाळीस ब्लाउजपीस! ओटीत आलेले, हळदीकुंकवात आलेले, काही नुसतेच स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी: 'शेजारच्या काकू, संक्रांत.' 'तुळजापूरची मावशी, बारसं.' 'मीच घेतला, बाजार.' आई बाहेर गेल्यावर मी सगळे मोजले, चिठ्ठ्या काढल्या (फोटोत वाईट दिसत होत्या) आणि रंगानुसार गठ्ठे लावले. 'उपचाराची पहिली पायरी,' असं वहीत लिहिलंसुद्धा.

पुढच्या रविवारी दादाच्या होणाऱ्या सासूबाई परंड्याहून घर बघायला आल्या. सोयरीक जवळजवळ ठरली होती, आणि त्या 'जवळजवळ'नं आईची झोप उडवली होती. पोहे झाले, चहा झाला. आई ओटीचं सामान घ्यायला आत आली, पेटी उघडली आणि तशीच उभी राहिली.

"चिठ्ठ्या कुठंयत गं?"

"काढल्या. बघ ना, किती नीट..."

"अगं, जिनं दिला तिलाच परत जाऊ नये म्हणून लावल्या होत्या त्या!" आई कुजबुजत ओरडली. हे फक्त तिलाच जमतं.

बाहेरून आवाज आला, "विहीणबाई, घाई न्हाय, पर आमची एसटी हाय!"

आईनं डोळे मिटून एक जांभळा पीस ओढला. एकशे त्रेचाळिसांत नेमका त्यांनीच दिलेला निघणं संख्याशास्त्रानुसार अवघड होतं, म्हणून मी निश्चिंत होते.

सासूबाईंनी ओटी घेतली. पीस उलगडला. कोपऱ्यावर दुकानाचा शिक्का होता. परंड्याचा!

"हा मीच दिलता की तुम्हाला. पोरगी बघायला आलता तवा."

दादा भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागला.

"चिठ्ठी लावत न्हाय व्हय तुमच्यात?" सासूबाईंच्या आवाजात राग नव्हता. कीव होती. "मला हा माझ्या जावेनं दिलता. तिची चिठ्ठी काढली, मगच तुम्हाला दिला."

"लावतो की! सगळ्यांना लावतो!" आईचा चेहरा लालबुंद झाला. "ह्या पोरीनं काढल्या!"

"काढल्या तर गेल्या कुठं?"

सगळे माझ्याकडे वळले. पाहुण्यांसमोर मी सहसा पाण्याचा ट्रे ठेवून नाहीशी होते. त्या दिवशी उठले आणि कपाटातून एक खोका आणला. (खोका मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या सँडलचा. सँडल अजून घातलेल्या नाहीत.) आत एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या, दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून. टाचण्या वेगळ्या डबीत.

"टाकल्या न्हाईस?" आईनं विचारलं.

"लागतील कधीतरी, म्हणून..."

सासूबाईंनी एक गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "वळण हाय घराला," म्हणाल्या आणि साखरपुडा कधी धरायचा ते विचारलं.

त्या गेल्यावर आईनं चष्मा लावला, माझी प्रश्नावली घेतली आणि मला समोर बसवलं. या वेळी शेंगा मी फोडल्या.

प्रकल्पात आता दोन नमुने आहेत. पहिल्याला वीसपैकी अठरा गुण, दुसऱ्याला वीसपैकी वीस. गोपनीयतेच्या नियमामुळे दुसऱ्याचं नाव देता येत नाही.