ठोका चुकायचा तेव्हा

आमची मुलगी जन्मली तीच निळसर. रडली की ओठ जांभळे व्हायचे. दिग्रसचे डॉक्टर म्हणाले, हृदयाला छिद्र आहे. त्या सुमारास मुंबईत तशी ऑपरेशनं नुकतीच सुरू झाली होती. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्यांनी रजा टाकली आणि आम्ही तिला घेऊन निघालो. ती अजून चालतही नव्हती.

ऑपरेशननंतर पाहिलं तर ओठ गुलाबी. हे खाटेचा दांडा धरून रडले. मी नुसती बघत उभी राहिले.

डॉक्टर मात्र तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, "छिद्र शिवलंय, पण शिवताना ठोक्यांची आतली वाट दुखावली. ठोके संथ पडतात, मध्येच चुकतात. कदाचित सुधारेल."

दिवसभर मुलीजवळ मीच असणार, म्हणून त्यांनी मला शिकवलं. पोर पांढरी पडून निपचित झाली तर सपाट निजवायचं आणि छातीच्या मधोमध मूठ हाणायची. उशीवर करून दाखवायला लावलं. "अजून जोरात," म्हणाले.

घरी आल्यावर एका दुपारी ती अंगणात भाकरी चघळत बसली होती. हातातला तुकडा गळला, मान कलंडली. मी तिला आडवं केलं आणि मूठ हाणली. काहीच नाही. पुन्हा हाणली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी धावत येऊन माझं मनगट धरलं.

"काहून मारून राह्यली वं बिमार पोरीले? याड लागलं का तुले?"

"सोडा काकू. मले मारू द्या."

हात हिसडून मी परत हाणली. पोरीनं श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. काकूंनी तिला उचलून घेतलं. मी आत जाऊन चुलीवरचं वरण उतरवलं, ते लागत आलं होतं.

संध्याकाळी यांनी तिच्या छातीवरचा वळ पाहिला.

"तुले भेव नाई वाटलं?"

"मालूम नाई," मी म्हणाले. खरंच मालूम नव्हतं.

पुढे असं पुष्कळदा झालं. काकू रोज दुपारी येऊन बसू लागल्या, म्हणजे मला अंघोळीला जाता येई. "मलेही शिकव," म्हणाल्या. उशी पुढे केली, तर त्यांची मूठ वरच थांबली. "माह्या हातानं नाई होत वं," म्हणत त्या रडल्या. माझ्या हातानं होत होतं. पोरीचे केस विंचरणं आणि हे, मला सारखंच झालं होतं.

हळूहळू झटके विरळ झाले, मग थांबलेच. ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ठोके संथच आहेत, पण आता एकही चुकत नाही. यांनी स्टँडवरच पेढे घेतले, बसच्या ड्रायव्हरलाही दिला. मुलगी खिडकीशी बसून मोठमोठ्यानं पाट्या वाचत होती.

"आता तरी हास ना वं," हे म्हणाले.

मी पेढा तोंडात टाकला. गोड होता, एवढं कळलं.