शालूला घर मिळाले

कोंडीराम पोकळे यांच्या अंगावर एकतीस वर्षे खाकीच असायची. सर्पविषावर संशोधन करून त्यावरचे औषध बनवणाऱ्या एका संस्थेच्या पागेत ते नोकरीला होते. घोड्यांना विष थोडे थोडे टोचायचे, ते अंगात जिरले की मानेच्या शिरेतून रक्त काढायचे आणि त्यातून औषध करायचे, असे तिथले काम. सुई घेऊन यायचे पांढऱ्या कोटातले डॉक्टर. घोडे धरायचे कोंडीराम.

शालू आली तेव्हा चार वर्षांची होती. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा. रजिस्टरात तिला नुसता क्रमांक होता, नाव कोंडीरामांनी ठेवले. पांढरा कोट दिसला की ती उधळायची. चार माणसे दोर लावून तिला आवळून धरत, ते कोंडीरामांच्याने बघवेना. मग ते खिशात गूळ ठेवू लागले. "मान दे, शालू," म्हणायचे, आणि सुई निघाली की खडा तिच्या तोंडात. आधी कधीच नाही. दोन महिन्यांत ती शिकली. पांढरे कपडे दिसले की आपणहून मान लांब करून, डोळे अर्धे मिटून उभी राहू लागली. दोर सुटले. डॉक्टरांनी कोंडीरामांची पाठ थोपटली, आणि ती शाबासकी त्यांनी बरीच वर्षे जपली.

२००५ च्या मार्चअखेर ते निवृत्त व्हायचे होते. पागाही तेव्हाच शहराबाहेर हलणार होती. म्हाताऱ्या नऊ घोड्या चांगल्या घरी द्याव्यात, असे ठरले. खोगीर नाही, टांगा नाही, वरात नाही, एवढीच अट. घरे शोधायचे काम कोंडीरामांनी मागून घेतले. फेब्रुवारी संपेपर्यंत आठांची सोय लागली. शालू राहिली. सोळा वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिला चांगले घर मिळाल्याशिवाय नोकरी सोडायची नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते. पण नोकरीची तारीख काही त्यांच्या हातात नव्हती.

धायरीचा त्यांचा स्वतःचा गोठा असता तर प्रश्नच नव्हता. पण मुलगा तेजस खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्याला तिकडे फ्लॅट हवा होता, आणि दोन वर्षांपूर्वी जमिनीबरोबर गोठाही बिल्डरकडे गेला. कोंडीराम आता खराडीलाच चौथ्या मजल्यावर राहत. तेजसला त्यांनी एकदा चाचरत विचारून पाहिले. "बाबा, आपल्या सोसायटीत मांजर पाळायलासुद्धा कमिटीची परमिशन लागते," तो म्हणाला. वाईट बोलला नाही, खरे तेच बोलला. नारायण पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले. "अहो, इथे सायकल लावायला जागा नाही. घोडी काय माळ्यावर बांधू?" जमीन विकून गब्बर झालेला एक जण लगेच तयार झाला, पण त्याच्या पोराचे लग्न तोंडावर होते. कोंडीराम अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

शेवटी धायरीच्याच टोकाला सोजरबाई आणि सर्जेराव हे जोडपे भेटले. जमीन अजून विकलेली नव्हती, मागे आंब्याखाली रिकामा गोठा होता. अटी ऐकून सोजरबाई म्हणाल्या, "म्हातारं जनावर हाय, त्याला कशापायी राबवायचं? ऱ्हाईल आमच्यासंगं." १४ मार्चला, सोमवारी, शालू टेम्पोतून तिकडे गेली. त्या रात्री कोंडीरामांना कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

९ एप्रिलला पाडवा होता. ते निवृत्त झाल्यावर सून नम्रताने खाकीचे सगळे जोड बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. खाकी असती तरी सणाच्या दिवशी लोकांकडे खाकीत कोण जातो? तेजसने आणलेला कोरा पांढरा लेंगा-सदरा आणि टोपी घालून, खिशात गूळ घेऊन, दोन बस बदलून ते धायरीला पोचले.

सोजरबाई कौतुकाने सांगू लागल्या, "लई गुणाची हाय तुमची शालू. आमचं मालक दिसलं की मान पुढं करती. पाव्हणं आलं तरी तसंच. रामराम घालती म्हना की." पांढऱ्या धोतर-सदऱ्यातले सर्जेराव हसले.

कोंडीरामांना हसता आले नाही. ते गोठ्याकडे गेले. शालूने अंधुक डोळ्याने पाहिले, पाय जुळवले, मान लांब केली आणि डोळे अर्धे मिटले.

"शालू, अगं मी हाय," ते म्हणाले. तिचे कान हलले, मान हलली नाही. हा आवाजही सुईच्याच वेळचा होता. त्यांनी टोपी काढली, गूळ तिच्या ओठांपाशी धरला. तिने घेतला नाही. गूळ सुईनंतर मिळतो, हे त्यांनीच तिला शिकवले होते.

मग दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्या मानेची शीर चाचपली. बारा वर्षांच्या सुयांनी तिथे दोरीसारखा कठीण वळ झाला होता. त्यावर त्यांनी अंगठ्याचे नख टेकवले, हलकेच दाबले, आणि रक्ताची बाटली भरायला लागायचा तेवढा वेळ दाबून धरले. मग हात काढला.

शालूने डोळे उघडले आणि त्यांच्या तळव्यावरचा गूळ खाल्ला.

जाताना त्यांनी सोजरबाईंना एवढेच सांगितले, की मालकांनी तिच्याकडे येताना अंगावर काळी घोंगडी घ्यावी. का, ते सांगितले नाही.