वहीतला अंगठा

माझी सही देखणी होती. पाळकपणाचं शिक्षण घेताना पुण्यात मी ती महिनाभर गिरवली होती. पहिल्या अक्षराला डौलदार बाक आणि शेवटी खाली एक लांब फराटा. भोर संस्थानच्या कचेरीतल्या कारकुनानं एकदा ती पाहून "वा, पाळकसाहेब!" म्हटलं, तेव्हापासून तर मी सही करायला निमित्तच शोधत असे. आमच्या ख्रिस्ती मंडळीची बाप्तिस्म्याची वही हे माझं सर्वांत मोठं सुख. बाप्तिस्मा देणाऱ्यानं तिच्यात सही करायची, आणि त्या मुलखात देणारा मी एकटाच. वही उघडली की पानोपानी मीच.

हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाला आमच्या मंडळीची चार घरं होती. पावसाळ्यात ओढे भरले की तिकडची वाट बंद. मग चार महिने तिथं उपासना नाही, असं मी धरून चालायचो. एका वर्षी दिवाळीनंतर पायी तिथं पोहोचलो तर कळलं, एकही रविवार चुकला नव्हता. बाळंतपणं करणारी एक विधवा म्हातारी सगळ्यांना आपल्या पडवीत जमवून प्रार्थना चालवत होती. तिला अक्षरओळख नव्हती. इथवर मी हसून सोडलंही असतं. पण भादव्यात शेजारच्या घरातलं तीन आठवड्यांचं पोर आजारी पडलं, वाचेल असं दिसेना, तेव्हा तिनं त्याला बाप्तिस्मा दिला होता. पोर त्याच दिवशी गेलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारी घरांदेखत मी म्हणालो, "कुणाच्या अधिकारानं? हा बाप्तिस्मा धरता येणार नाही. वहीत चढणार नाही."

म्हातारी काही घाबरली नाही. "सायब, पोर निळं पडत व्हतं. तुमी भोरात व्हता. देव हितं व्हता, म्हनून म्या त्यालाच इचारलं."

मी तिच्यावर आणखी डाफरणार, तोच खांबाला टेकून उभी असलेली पोराची आई म्हणाली, "मंग माजं पोर देवाकडं न्हाई का गेलं?"

इतका वेळ मी नियमाचं बोलतोय असं मला वाटत होतं. मला लागलं होतं ते निराळंच. माझ्यावाचून इथं काही अडलं नव्हतं. पण लगेच कबूल करील तो मी कसला! म्हातारीला कोंडीत पकडावं म्हणून मी विचारलं, "काय शब्द म्हणालीस ते म्हण बघू."

तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि म्हटलं. शब्द न् शब्द बरोबर. मध्येच एका ठिकाणी थांबून ती खाकरली. तिथं मी खाकरतो. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिनं माझं खाकरणंही त्यातलंच समजून पाठ केलं होतं. मला हसू आलं, पाठोपाठ रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग वही उघडली. आईला विचारून पोराचं नाव लिहिलं. सहीच्या रकान्यात टाक सवयीनं माझ्याच नावाकडे वळला. तो बाजूला ठेवला. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळीनं पाळकाला आधी सलाम करायचा, अशी तिथली रीत. मी उठून म्हातारीला आधी सलाम केला आणि म्हटलं, "माझं चुकलं. इथं तुम्ही अंगठा करा." त्या दिवसापर्यंत मी तिला अगंतुगं करत होतो.

"माजा अंगटा? सायबाच्या वहीत?"

"वही मंडळीची आहे."

अंगठ्याला शाई मी लावली. आईनं विचारलं, "माजं पोर कुठंशी हाय?" मी तिचं बोट त्या ओळीच्या कडेला टेकवलं. शाई वाळली तरी तिनं ते उचललं नाही.

काही महिन्यांनी वह्या तपासायला वरिष्ठ आले. हा अंगठा कोणाचा, म्हणून त्यांनी जाब विचारला. मी खुर्चीतून उठून, छाती काढून सांगितलं, "हिर्डोशीकडची आमची मंडळी ज्यांनी राखली, त्या बाईंचा." त्या अंगठ्याचा वाटला तितका अभिमान मला स्वतःच्या सहीचाही कधी वाटला नव्हता. मला लेखी समज मिळाली. तिची पोच दिली, तेव्हा सहीचा फराटा मात्र नेहमीसारखाच ओढला. खोड कुठं जाते?

त्याच वैशाखात, ओढे भरण्याआधी, मी वर जाऊन वहीची काही कोरी पानं आणि शाईची दौत त्या बाईंच्या पडवीत ठेवून आलो.